बिलिंग सॉफ्टवेअर बसलं, पुढे काय? दुकानातलं शिकणं चालू ठेवण्याची क्रमवार कृती

सॉफ्टवेअरवाला येतो, दोन तास भराभर दाखवतो आणि चहा घेऊन जातो. त्या दिवशी सगळं आल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन गर्दीत, यादीत नसलेलं एक पाकीट काऊंटरवर येतं. ग्राहक घाई करतो, म्हणून पोरगा 'फुटकर' नावाचा एक माल तयार करून त्यात रक्कम टाकतो. महिनाअखेरीला निम्मी विक्री 'फुटकर'मध्ये साचलेली असते. साठा जुळत नाही, कराचा दर चुकलेला असतो, आणि मालक म्हणतो, "यापेक्षा आपली वहीच बरी होती."

यात सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. शिकवणी एका दिवसात उरकलेली असते, एवढंच.

खालचा क्रम इंदूरमधलं नमकीन-मिठाईचं किंवा किराण्याचं दुकान डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे: एक-दोन काऊंटर, तीन ते सहा माणसं, थोडा सुटा माल, थोडा पाकीटबंद. कापडाच्या किंवा औषधांच्या दुकानात तपशील बदलतील, क्रम मात्र हाच राहील. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं या वादात इथे शिरलेलो नाही. बहुतेकांत ही सगळी कामं होतात, अडतं ते वापरणाऱ्यापाशी.

तयारी: मुहूर्त, माणसं आणि वेळ

वहीपूजन दिवाळीला करा, पण बिलांच्या क्रमांकांचा हिशोब आर्थिक वर्षाला बांधलेला असतो आणि ते १ एप्रिलला सुरू होतं. म्हणून सगळ्यांत सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सराव आणि १ एप्रिलला खरी सुरुवात. रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, त्या दिवशी तिथलं दुकान तसंही उघडत नाही. मालाची यादी लिहून काढायला तो आठवडा बरा. वर्षाच्या मध्येच सुरू करायचं झालं तर बिलांची वेगळी मालिका घ्या, जुन्या वहीचे क्रमांक पुढे ओढू नका. क्रमांकात जास्तीत जास्त १६ अक्षर-अंक चालतात आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा येता कामा नये.

राखीपासून दिवाळीपर्यंत मात्र नवीन काही सुरू करू नका. त्या काळात शिकवायला कुणाला सवड नसते आणि शिकायला तर नसतेच.

माणसांचं असं करा. कामं पाच आहेत: बिल फाडणं, खरेदी चढवणं, रात्रीचा मेळ, मालाच्या यादीत आणि दरांत बदल, बॅकअप. एका कागदावर ही पाच कामं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन नावं. एक नाव पुरत नाही. ज्याला सगळं येतं तो पोरगा दिवाळीनंतर गावी जातो आणि परत येतच नाही, ही गोष्ट प्रत्येक बाजाराला ठाऊक आहे.

वेळ रोज पंधरा मिनिटं, दुकान उघडण्याआधी, सलग सहा आठवडे. त्यानंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि हा अर्धा तास कायमचा. रात्री दुकान वाढवल्यावर शिकवू नका. दमलेला माणूस मान डोलावतो आणि सकाळी विसरतो.

तपासणी: कागदावर पाच कामांपुढे दहा नावं भरली का? एकच नाव पाचही ठिकाणी आलं असेल तर तयारी झालेली नाही.

टप्पा १: मालाची यादी, आधी कागदावर

सगळ्यांत जास्त वेळ इथेच घाला. पुढच्या दहा चुकांपैकी सातांचं मूळ या यादीत सापडतं.

१. दुकानातला प्रत्येक माल हातानं वहीत लिहा. संगणकावर बसून आठवेल तसा चढवू नका. एकाच मालाच्या 'लौंग शेव', 'शेव लौंग' आणि 'लवंगी शेव ५००' अशा तीन नोंदी होतात, आणि साठा तिन्हींत वाटला जातो.

२. नावाचा साचा ठरवा: आधी जात, मग प्रकार, मग वजन. 'शेव लौंग सुटी', 'शेव लौंग ५०० ग्रॅम'. असं केलं की 'शेव' टाइप करताच सगळ्या शेवा एकाखाली एक दिसतात.

३. एकक नीट ठरवा. सुटा माल किलोत, दशांशानंतर तीन अंकांपर्यंत. पाकीट नगात. सुट्या मालाला चुकून 'नग' लावलं की पाव किलोचं बिल होत नाही, मग पोरं रक्कम जुळवण्यासाठी भावच बदलायला लागतात. त्या मालाची बिलं झाल्यावर एकक बदलायला बहुतेक सॉफ्टवेअर नकार देतात, म्हणून ही चूक आत्ताच पकडायची.

४. एचएसएन (जीएसटीसाठी मालाला ठरवून दिलेला कोड क्रमांक) आणि कराचा दर. नमकीन आणि मिठाई २१०६ मध्ये येतात. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर जीएसटी-नोंदणीकृत व्यापाऱ्याला द्यायच्या बिलावर चार अंकी कोड लागतो, त्यावर असेल तर सहा अंकी. दर आपल्या अंदाजानं भरू नका. पूर्ण यादी एकदा सीएकडून तपासून घ्या आणि त्यांनी तपासल्याची तारीख वहीत टाका.

५. भाव करासहित की करावेगळा, हे प्रत्येक मालापुढे लिहा. पाकिटावरची छापील किंमत करासहितच असते. सुट्या मालाचा पाटीवरचा भावही ग्राहक करासहितच समजतो.

६. 'फुटकर', 'इतर', 'मिक्स' अशा नावांचा एकही माल ठेवू नका. त्याऐवजी काऊंटरवर एक कोरी चिठ्ठी ठेवा. यादीत नसलेला माल आला तर त्यावर नाव, भाव, नग लिहायचे, त्या ग्राहकाला हातबिल द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंधरा मिनिटांत तो माल यादीत चढवून कालचं बिल भरून टाकायचं. पहिल्या आठवड्यात दहा-बारा चिठ्ठ्या जमतील, तिसऱ्या आठवड्यात एखादी.

सावधान: दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची सोय) असेल तर बिलावर कर वेगळा दाखवायचा नसतो आणि ग्राहकाकडून घ्यायचाही नसतो. 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं असतं. सॉफ्टवेअर बसवताना नेहमीचा नमुनाच चालू राहतो आणि पहिल्याच दिवसापासून चुकीची बिलं जातात. हा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याला तो खुर्चीवर बसायच्या आधी विचारा.

टप्पा २: सरावाची वेगळी कंपनी आणि पाच बिलांची कसोटी

यादी चढली की सॉफ्टवेअरमध्ये तिची नक्कल असलेली दुसरी 'कंपनी', म्हणजे हिशोबाचा वेगळा संच, करून घ्या आणि तिला 'सराव' नाव द्या. शिकणं सगळं तिथे. खऱ्या हिशोबात 'एक बिल टाकून बघ, मग रद्द कर' हा प्रकार करू नका. रद्द बिलंही क्रमांक खातात आणि जीएसटीचं विवरण (रिटर्न) भरताना त्यांचा हिशोब द्यावा लागतो.

सराव आणि खरी कंपनी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून सरावाच्या कंपनीत दुकानाच्या नावाच्या जागी 'खोटं बिल' असंच लिहा, म्हणजे चुकून छापलं गेलं तरी ग्राहकाच्या हाती देण्याआधी लक्षात येईल.

आता प्रत्येकाकडून ही पाच बिलं करून घ्या, आणि प्रत्येक बिलाचं उत्तर आधी कागदावर काढून घ्या:

१. सुटं मिक्स्चर, ४२० रुपये किलो करासहित, पाव किलो, ५ टक्के कर. उत्तर: एकूण १०५, मूळ किंमत १००, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २.५०, एसजीएसटी (राज्याचा वाटा) २.५०.

२. एकाच मालाची दोन पाकिटं, पैसे अर्धे रोख, अर्धे यूपीआयनं.

३. उधारीचं बिल, नोंदणीकृत ग्राहकाला, त्याच्या जीएसटी क्रमांकासह. क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. मध्य प्रदेशचे २३.

४. नाशिकच्या व्यापाऱ्याला पाठवायचा माल. त्याचा क्रमांक २७ नं सुरू होईल आणि बिलावर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा एकत्रित कर) यायला हवा. बडोद्याच्या व्यापाऱ्याचा २४ नं, तिथेही तेच. सीजीएसटी-एसजीएसटी दिसत असेल तर ग्राहकाच्या खात्यात राज्य चुकीचं भरलं गेलं आहे.

५. कालच्या बिलातलं एक पाकीट परत आलं. नवीन उणे बिल करायचं नाही. मूळ बिलाचा संदर्भ देऊन परतावा करायचा.

ही पाच बिलं विसरू नका, पुढे प्रत्येक बदलानंतर हीच वापरायची आहेत.

शिकवताना माऊस शिकणाऱ्याच्या हातात हवा. शिकवणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं, पटकन 'दे इकडे' म्हणून स्वतः करून दाखवायचं नाही. आणि जो शिकला त्यानं दुसऱ्या दिवशी तेच काम तिसऱ्याला शिकवायचं. कुठे अडतं ते तिथे लगेच दिसतं.

प्रत्येकानं आपल्या कामाचं एक पान स्वतःच्या अक्षरात, स्वतःला येईल त्या भाषेत लिहायचं. आपल्याकडे पडद्यावर इंग्रजी, काऊंटरवर हिंदी आणि घरात मराठी असा तिहेरी कारभार असतो. मुनीमजींनी हिंदीत लिहिलं तर हिंदीत राहू द्या. सॉफ्टवेअरसोबत आलेली छापील पुस्तिका कपाटात राहते, स्वतःच्या हातचं पान मात्र काऊंटरच्या काचेखाली टिकतं.

तपासणी: पाचही बिलं, न विचारता, कागदावरच्या उत्तराशी जुळणारी, लागोपाठ तीन दिवस. तोवर खऱ्या काऊंटरवर बसवू नका.

टप्पा ३: काटा, स्कॅनर, प्रिंटर

स्कॅनरनं कोड वाचला की माल आपोआप पुढच्या ओळीवर जायला हवा, जात नसेल तर सेटिंग बाकी आहे. प्रिंटरचा कागद दोन इंची म्हणजे ५८ मिलिमीटरचा आहे की तीन इंची म्हणजे ८० चा, ते सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर बिलाची उजवी बाजू, म्हणजे नेमकी रक्कम, कापली जाते. थर्मल कागदावरची छपाई उन्हानं आणि काळानं पुसट होते, म्हणून कागदाची प्रत हा पुरावा समजू नका.

खरी गडबड लेबल छापणाऱ्या काट्याची. असा काटा बहुधा १३ अंकी कोड छापतो: पहिले दोन अंक खुणेचे, पुढचे पाच मालाचे, पुढचे पाच वजनाचे किंवा रकमेचे, आणि शेवटचा एक पडताळणीचा. मधले पाच अंक ००४५० असतील तर ते ४५० ग्रॅम की ४५० रुपये? काटा एक समजतो आणि सॉफ्टवेअर दुसरं, आणि १८९ रुपयांच्या शेवेचं बिल ४५० चं होतं. ग्राहक भांडला तर कळतं. उलट प्रकारात बिल कमी झालं तर कुणीच बोलत नाही.

म्हणून १०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि १ किलो अशी तीन ठरलेली मापं ठेवून तीन लेबलं काढा, स्कॅन करा आणि रक्कम हातानं ताडून बघा. काट्यात भाव बदलला की सॉफ्टवेअरमध्येही बदलायचा, हे दोन्ही एकाच माणसाचं काम ठेवा.

सावधान: इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर १२ महिन्यांनी पडताळणी आणि मुद्रा करून घ्यावी लागते. सॉफ्टवेअर जोडताना काटा उघडावा लागला आणि सील तुटलं, तर मुदत बाकी असली तरी पुन्हा पडताळणी लागते.

टप्पा ४: एकाच काऊंटरवर, सात दिवस दोन्ही पद्धती

पहिल्याच दिवशी सगळं दुकान नव्यावर नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. एक काऊंटर घ्या, तिथे सात दिवस संगणकाचं बिल आणि जुन्या पद्धतीची कच्ची नोंद दोन्ही चालू ठेवा. ग्राहकाला बिल एकच जाईल, संगणकाचं. कच्ची नोंद फक्त आपल्या मेळासाठी.

सुरुवात मंगळवार-बुधवारी करा. रविवारी सकाळी पोहे-जिलेबीच्या गर्दीत नवीन माणूस आणि नवा पडदा एकत्र बसवलात तर रांग बाहेर जाते आणि पोरगा पुन्हा कागदावर येतो. एकदा कागदावर परतलेल्या माणसाला संगणकाकडे वळवणं दुप्पट अवघड.

या सात दिवसांत वेग बघायचा नाही. चार मिनिटांचं बिल आठव्या दिवशी आपोआप एका मिनिटावर येतं. बघायचं ते एवढंच की संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळतात का. तीन दिवस सलग जुळल्या की कच्ची नोंद बंद. बरेच जण इथे धीर होत नाही म्हणून महिनोन्महिने दोन्ही चालवतात. मग माणसं दोन्हीकडे अर्धवट लिहितात आणि कुठलीच नोंद खरी राहत नाही.

टप्पा ५: रात्रीचा मेळ

शिकणं होतंय की नाही हे मेळावरून कळतं. एक उदाहरण:

सॉफ्टवेअरमधली दिवसाची विक्री ३८,४६० रुपये. गल्ल्यात रोख १९,३५०, त्यातले सकाळी ठेवलेले सुट्टे २,०००, म्हणजे रोख विक्री १७,३५०. यूपीआयच्या अहवालात १८,२४०. उधारी २,८७०. तिन्हींची बेरीज ३८,४६०. जुळलं.

जुळलं नाही तर 'देऊन टाक फरकात' असं करू नका. फरक स्वतःच बोलतो:

रोख २७० नं कमी आणि यूपीआय बरोबर २७० नं जास्त असेल, तर पैसे हरवलेले नाहीत. कुणीतरी यूपीआयच्या बिलावर 'रोख' दाबलं आहे. पैसे देण्याची पद्धत निवडणं पुन्हा शिकवायचं.

एकूण बेरीजच जास्त किंवा कमी असेल तर बिल न करता माल गेला, एकच बिल दोनदा झालं, किंवा रद्द बिलाचे पैसे परत दिले नाहीत. रद्द बिलांची यादी आधी बघा, तिथेच बहुधा सापडतं.

फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोधा. ५४० च्या जागी ४५० पडले की फरक ९० येतो. मुनीमजींची ही जुनी युक्ती संगणकावरही चालते, कारण अंक अजून बोटांनीच दाबले जातात.

सराफा बाजारात रात्री खाण्याची दुकानं लावणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळायची. बारा वाजता संगणकाची तारीख बदलते, पण धंदा चालूच असतो. साडेबाराचं बिल दुसऱ्या दिवसात पडतं आणि मेळ रोजच चुकतो. दिवस कधी संपला हे ठरवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते विचारा. नसेल तर बारा वाजता गल्ला मोजून पहिला मेळ काढा आणि पुढची विक्री दुसऱ्या दिवशीच्या मेळात धरा. ३१ मार्चच्या रात्री हे हटकून करा.

टप्पा ६: चुकांची वही

काऊंटरजवळ एक साधी वही ठेवा. रकाने चार: तारीख, काय झालं, का झालं, काय बदललं. 'कोणी केलं' हा रकाना ठेवायचा नाही. तो ठेवलात तर दुसऱ्या आठवड्यापासून वही कोरी राहील आणि चुका गल्ल्यात दडतील.

आठवड्याच्या अर्ध्या तासात ही वही वाचा आणि ज्या चुकीची नोंद तीनदा आली आहे तिच्यावरच बोला. तीनदा झालेली चूक माणसाची नसते, यादीची किंवा पडद्याची असते. 'पनीर समोशाऐवजी आलू समोशाचं बिल' असं तीनदा आलं असेल तर ओरडण्यात अर्थ नाही. दोन नावं यादीत एकाखाली एक आहेत, कोड बदला.

महिन्याचं वेळापत्रक विवरणाच्या तारखांना बांधा. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचा तक्ता) १४ तारखेला तयार होतं, ३बी (कर भरायचं विवरण) २० तारखेपर्यंत. म्हणजे ५ तारखेच्या सुमाराला गेल्या महिन्याची बिलं एकदा चाळायची आणि १५ तारखेला २बी समोर ठेवून खरेदीच्या नोंदी ताडायच्या. हे काम सीएकडे गेलं तरी ताडताना दुकानातला एक माणूस शेजारी बसवा. चूक कुठून येते ते त्याला तिथे दिसतं, आणि पुढच्या महिन्यात ती मुळातच कमी होते.

टप्पा ७: नियम बदलला की

एकदा शिकलेलं सगळ्यांत महाग पडतं ते इथे.

नमकीनचंच घ्या. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत लेबल लावलेल्या पाकीटबंद नमकीनवर १२ टक्के जीएसटी होता आणि तीच शेव सुटी विकली तर ५ टक्के. २२ सप्टेंबरपासून दोन्हींवर ५ टक्के झाला. तुपावरचा १२ चा ५ झाला, बिस्किटांवरचा १८ चा ५. घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, मध्ये मंदीचा पितृपक्ष होता, आणि अंमल नेमका घटस्थापनेला. ज्या दुकानात दर कुठे बदलायचा हे दोघांना येत होतं, त्यांना पितृपक्ष पुरेसा होता. ज्यांना फक्त 'बटण दाबलं की बिल येतं' एवढंच ठाऊक होतं, ते ऐन नवरात्रात सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावत बसले, आणि त्या दिवशी त्याचा फोन कसा लागणार?

दर बदलताना तीन चुका होतात.

पहिली: फक्त टक्का बदलणं. १०० रुपये मूळ किंमत, १२ टक्क्यांनी ११२ ची विक्री. सॉफ्टवेअरमध्ये भाव करासहित ११२ असाच राहिला आणि टक्का ५ केला, तर ग्राहक ११२ च देतो. सॉफ्टवेअर मूळ किंमत १०६.६७ आणि कर ५.३३ दाखवतं. भाव १०५ करणं हे वेगळं काम आहे आणि ते मालागणिक करावं लागतं.

दुसरी: जुना दर पुसून त्यावर नवा लिहिणं. दर कोणत्या तारखेपासून लागू, ती तारीख द्यायची असते. पुसून लिहिलात तर २० सप्टेंबरच्या बिलावरचा परतावा २५ तारखेला ५ टक्क्यांनी निघेल, मूळ बिल मात्र १२ चं.

तिसरी: खरेदीची जुनी बिलं. २२ तारखेनंतर चढवलेलं पण आधीच्या तारखेचं खरेदीबिल जुन्याच दरानं जायला हवं. नोंद करताना बिलाची तारीख बघायची, आजची नाही.

दर बदलण्याचा क्रम असा:

१. बदलाची यादी सीएकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता धरून चालू नका.
२. पूर्ण बॅकअप.
३. सरावाच्या कंपनीत बदल करून पाच बिलांची कसोटी. त्यात पाचवं, परताव्याचं बिल मुद्दाम जुन्या तारखेच्या बिलावर करा.
४. खऱ्या कंपनीत बदल, लागू तारखेसह.
५. काट्यातले भाव, पाटीवरचे भाव, पाकिटांवरच्या किमती.
६. लागू होण्याच्या दिवशी सकाळचं पहिलं बिल मालकानं स्वतः तपासायचं.

छोटे बदलही नजरेतून सुटतात. मे २०२५ च्या जीएसटीआर-१ पासून एचएसएन हातानं लिहिता येत नाही, यादीतून निवडावा लागतो. टप्पा १ मध्ये कोड नीट भरले असतील तर याचा त्रास होत नाही. अंदाजानं भरले असतील तर तो आता बाहेर पडतो.

टप्पा ८: अपडेट आणि बॅकअप

अपडेट आलं की लगेच दाबायचं नाही आणि वर्षभर टाळायचंही नाही. मंदीचा दिवस, सकाळची वेळ, आधी बॅकअप, अपडेटमध्ये काय बदललं ते वाचणं, मग अपडेट, आणि लगेच पाच बिलं. शनिवारी संध्याकाळी अपडेट करणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

बॅकअपच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेल्या, त्यातली एक दुकानाबाहेर. दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून वापरा, त्यातला एक रोज घरी न्या. संगणकाला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह बॅकअप म्हणून मोजू नका, संगणकात व्हायरस शिरला तर तोही जातो. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडतो की नाही हे न बघितलेला बॅकअप म्हणजे कुलूप आहे पण किल्ली लागते का माहीत नाही, अशातली गत.

सावधान: "तुमच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपतंय, ॲप टाका, मी इथून नीट करतो," असा फोन आला तर ठेवून द्या. स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं ॲप, आपण स्वतः केलेल्या फोनशिवाय उघडायचं नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे काऊंटरवरच्या प्रत्येकाला पाठ हवं. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. आणि रोज सकाळी काऊंटरवरचा क्यूआर स्वतः स्कॅन करून नाव आपलंच येतं का ते बघा, वरून दुसरं स्टिकर चिकटवलं जातं.

टप्पा ९: माणूस बदलला की

जो गेला त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरला असेल तर हे करताच येत नाही, म्हणून सुरुवातीपासून प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. बिल पुसण्याचा अधिकार काऊंटरला द्यायचा नाही, रद्द करण्याचा द्यायचा तर कारण लिहूनच. जीएसटी पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते आजच बघा. काम सोडून गेलेल्या मुनीमाच्या नंबरवर येत असेल तर तो बदलून घ्या, विवरणाच्या शेवटच्या दिवशी ते सुचून उपयोग नाही.

नवीन माणसाला टप्पा २ पासून सुरू करा, त्याला आधीच्या दुकानातलं सॉफ्टवेअर येत असलं तरी. किंबहुना अशा माणसाचा हात जुन्या सवयीनं चालतो. आधीच्या दुकानात एका कळीनं बिल सेव्ह होत असेल आणि तुमच्याकडे त्याच कळीनं रद्द होत असेल, तर चुका दुप्पट. त्याला पहिल्या आठवड्यात काचेखालचं पान नक्कल करायला लावू नका, नवीन पान लिहायला लावा. त्यानं काही पायऱ्या वेगळ्या लिहिल्या तर जुन्या पानाशी लावून बघा. कधी कधी जुनं पानच दोन अपडेटांआधीचं असतं.